रंगायची राहिलेली पाठ

१

गिरणीत मी वड्यांचं पीठ दळायला गेले होते. पट्टा चालू असला की तिथे सगळ्या ओरडूनच बोलतात, एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन. त्या दिवशी वीज गेली, पट्टा एकदम थांबला आणि काशीबाईचं बोलणं गिरणीभर झालं.

"...भाई दिसता म्हणतत. आता तो सुगंधाक..."

मग तिला मी दिसले. तिनं तोंड मिटलं आणि पिशवीचं तोंड बांधायला घेतलं. मी विचारलं काय गो, तर म्हणाली काय नाय, असाच. एरवी मी ते वाक्य तिच्या पोटातून ओढून काढलं असतं. आमच्या वाडीत कुणाकडे कुठला पाहुणा आला हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी मी गरम डबा कमरेवर घेतला आणि सरळ घरी आले.

भाई म्हणजे माझ्या शेजारच्या सुगंधाचे यजमान. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी पहाटे ते एकटेच होडी घेऊन जाळं उचलायला गेले. चार दिवसांनी होडी देवगडच्या बाजूला मिळाली. जाळं आत होतं, पाण्याची बाटली होती. भाई नव्हते. आता शिमगा होऊन गेला होता.

वाक्याचा पुढचा तुकडा मला वाटेत आपोआप सुचला. तो सुगंधाक न्हेवक इलो आसा. तिला न्यायलाच, दुसरं काय असणार? सुगंधाच्या हाडांवर कातडं राहिलं होतं फक्त.

२

माझी शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर सुगंधाची पडवी. मध्ये खाली समुद्राकडे उतरणारी पाणंद, दोन माणसं जेमतेम जातील एवढी. त्या खिडकीतून मी वीस वर्षं त्यांच्या घरातली भांडणं ऐकली, आणि कालवणाच्या वासावरून मासा ओळखला.

त्यांचा मुलगा धनेश गोव्यात कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर चित्रं काढायचा. भाई गेल्यावर आईसाठी परत आला आणि पडवीलगतच्या खोलीत त्यानं आपलं टेबल मांडलं. कुरिअरनं त्याच्याकडे डबे यायचे, पुण्याहून, बेंगळुरूहून. डब्यात अंगठ्याएवढे सैनिक, राक्षस, घोडेस्वार. शहरातले मोठमोठे बापये, नोकरीवाले पुरुष, म्हणे सुट्टीच्या दिवशी टेबलावर ते मांडून लढाई खेळतात. मला आधी हसू यायचं. मग त्याला रंगवताना बघितलं आणि हसू बंद झालं.

बाटलीच्या बुचावर तो एकेक सैनिक चिकटवायचा आणि बूच हातात धरून दिव्याखाली फिरवायचा. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि पेपरावर रंगाचे ठिपके, म्हणजे आमच्या उकाड्यातही ते वाळत नाहीत. ब्रश एवढा बारीक की माझ्या सुईच्या नेढ्यातून जाईल. शाळेत असताना गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, तो दोन हंगाम हाताखाली होता, रंगाचा हात तिथलाच.

आणि सारखं नवीन काहीतरी करून बघायचा. मोबाइलवर परदेशातल्या कुणाचं तरी बघायचं आणि इथे करायचं. मिठाचे खडे चिकटवून वरून रंग मारायचा, मग मीठ खरवडायचं, की चिलखत गंजल्यासारखं दिसतं. एक दिवस त्यानं मला बोलावून दाखवलं. आधी सैनिकाला सगळीकडून काळा फवारा मारला. तो वाळल्यावर फक्त वरून, डोक्यावरून पांढरा. डोकं नि खांदे पांढरे, खाली खाली करडे आणि पाय काळेच.

"आता ह्येच्यार पातळ रंग द्यायचो, काकी. ऊन डोक्यार आसा असा दिसता. सावली आपणच पडता."

रंग देण्याआधी ते बाहुलं मला आवडलं नाही. जसं काही माणूस यायचाय, आणि त्याच्या अंगावरचा उजेड तेवढा आधी येऊन थांबलाय.

३

होळीच्या आधी त्यानं भाईंना करायला घेतलं. रेझिनच्या एका सैनिकाचा भाला कापून टाकला, भेगा भरायच्या लांबीची अर्धी पँट केली, डोक्यावर टोपी चढवली. डाव्या खांद्यावर दोऱ्याचं जाळं, उजवा हात खाली सरळ सोडलेला. रेझिन म्हणजे प्लास्टिकसारखंच, पण जरा ठिसूळ.

गणपतीच्या शाळेत डोळे सगळ्यात शेवटी लिहितात. मूर्ती पुरी झाल्याशिवाय डोळ्यांना कुणी हात लावत नाही. पण हे बारीक काम करणारे बाहेरचे लोक म्हणे डोळे आधी करतात. नंतर ब्रश घसरला तर बाकीचा चेहरा बिघडतो म्हणून. धनेशनं तसंच केलं. काळ्यापांढऱ्या अंगावर नुसते दोन डोळे, आणि ते भाईंचे होते. डावा जरा बारीक, उन्हात बघून बघून झालेला. सुगंधा खोलीच्या दारात होती ती तिथेच खाली बसली.

चार दिवसांत पुढची बाजू झाली. गळ्यातला काळा दोरा, शर्टाचं तुटलेलं बटण, गुडघ्यावरचा डाग. मग धनेशनं बूच फिरवलं आणि ब्रश हातातच राहिला.

"आये, त्या दिवशी पाठीर शर्ट कसो होतो?"

सुगंधाला माहीत नव्हतं. ते बरोबरच होतं. दर्यावर जाणाऱ्याच्या पाठीकडे आमच्यात घरची बाई बघत नाही. उंबऱ्यापर्यंत जायचं, डबा हातात द्यायचा आणि तो पायरी उतरला की आपण आत वळायचं. मागून हाक तर मारायचीच नाही. मारलीच कुणी चुकून, तर त्यानं परत यायचं, घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि मग जायचं. सुगंधानं अठ्ठावीस वर्षं हे पाळलं. त्या पहाटेही पाळलं.

तिकडे भटजी सांगून गेले होते. शरीर मिळालं नाही तर दर्भाचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, आणि मग पुढचे दिवस घालता येतात. सुगंधा इतके महिने नाही म्हणत होती. आता ती कबूल झाली, पण तिची एक अट होती. दर्भाच्या छातीत हे बाहुलं ठेवायचं, आणि पुरं करून ठेवायचं.

"अर्ध्या माणसाक मी आगीत घालूक देवचंय नाय," ती म्हणाली.

त्यानंतर ती दिवसदिवस त्या टेबलापुढे बसू लागली. भाईंचं ताट वाढून बाहुल्यासमोर ठेवायची. ते जेवल्याशिवाय आपण कसं जेवायचं, म्हणून स्वतः उपाशी राहायची. मी पेज नेली की दोन घोट घ्यायची, माझं मन राखायला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पावसाळा बघायची नाही.

४

हाताचं पहिल्यांदा धनेशच्याच लक्षात आलं. खाली सोडलेला उजवा हात मांडीपासून सुटला होता, तांदळाचा दाणा जाईल एवढा.

तो म्हणाला, उष्मा आसा. रेझिन मऊ पडतं, वाकतं. कपात कढत पाणी घेऊन त्यानं हात त्यात बुडवला, दाबून सरळ केला, लगेच गार पाण्यात धरला. अशानं तो पक्का होतो म्हणे. मी मान हलवली. आमच्याकडे चैत्रात मेणबत्त्याही वाकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी हात परत सुटला होता. मी माझी टेप नेली. हो, मी मोजलं. शिवणाऱ्या बाईला डोळ्यांपेक्षा टेपवर जास्त भरवसा. शर्टाच्या बटणाएवढं अंतर. तिसऱ्या दिवशी कोपरातून वाकलेला. धनेश रोज कढत पाणी करायचा, रोज सरळ करायचा. मग त्यानं बाहुलं खिडकीपासून हलवून आतल्या कोनाड्यात ठेवलं, तिथे मडक्यातलं पाणी गार राहतं एवढा गारवा. बाकीचे पन्नास सैनिक उन्हातच होते. त्यांचे भाले सरळ होते.

सुगंधा म्हणाली, "तेंका काय तरी सांगूचा आसा."

मी घरी आले आणि ब्लाउजच्या हाताला गळा जोडून ठेवला. मग ते उसवत बसले.

५

त्या आठवड्यात धनेशनं सुगंधाला रक्त तपासायला मालवणला नेलं. मला म्हणाला, घराकडे बघ काकी. मी नाही म्हटलं असतं तर त्यानं "का?" म्हणून विचारलं असतं.

दुपारचे बारा वाजले होते. बाहेर पाणंदीतली वाळू डोळ्यांवर मारत होती. खोलीत रंगाचा नि टर्पेंटाइनचा वास. मी कोनाड्यासमोर स्टुलावर बसले आणि बाहुल्यावरून नजर हलवली नाही. सकाळीच धनेशनं हात सरळ केला होता. मी मनाशी म्हटलं, तुझ्या डोळ्यांसमोर वाकला तर उष्मा, नाही वाकला तरी उष्माच. सातवीपर्यंत शिकलीस, एवढं कळत नाही?

तासभर काही झालं नाही. मग मागल्या दारी कावळ्यानं फळीवरचं भांडं पाडलं. मी फक्त मान वळवली. उठलेसुद्धा नाही.

मान परत फिरवली तेव्हा हात कानाशी होता. तळवा माझ्याकडे नव्हता, बाहुल्याच्या पाठीकडे होता. बोटं पसरलेली, आणि करंगळी आत वळलेली. करंगळी धनेशनं तशी केलेली नव्हती. एवढ्या बारीक हाताला त्यानं बोटंच केली नव्हती, नुसता पंजा होता.

तो हात मी ओळखला. जगात तो तसा वर केलेला एकाच माणसानं बघितला होता, आणि तो माणूस स्टुलावर बसला होता.

त्या पहाटे मी खिडकी उघडली तेव्हा भाई पाणंद उतरत होते. सवयीनं माझं तोंड उघडलं. मी हाक मारली, "भाईनू, खंय चललात?" मागून. दर्यावर जाणाऱ्याला. त्यांनी परत यायला हवं होतं. ते थांबले, वळले नाहीत. उजवा हात कानापर्यंत वर केला, दोनदा हलवला आणि गेले. मी खिडकी लावून घेतली. पाच महिने ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मी. आणि भाईंची पाठ त्या दिवशी कशी होती हेही म्हणूनच सांगितलं नाही.

कारण ती मला पुरती माहीत होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी शर्ट माझ्या खिडकीतून आत दिला होता. होडीचा दोर घासून उजव्या खांद्याच्या मागे विरला होता. सुगंधाला सांगू नको म्हणाले, नवीन शर्ट घ्या म्हणून पाठी लागेल. मी शाळेच्या गणवेशातला उरलेला निळा तुकडा लावला. निळा दोरा संपला होता म्हणून हिरव्यानं शिवला. भाई म्हणाले होते, माझ्या पाठीक कोण बघता?

मी स्टुलावरून उठले ती पडवीत येऊन बसले. धनेश नि सुगंधा येईपर्यंत तिथेच. आत गेले नाही.

६

मी सांगितलं. रिक्षातून उतरलेल्या सुगंधाला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. ठिगळाचं सांगितलं, हाकेचं सांगितलं, हाताचं सांगितलं. धनेश भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

सुगंधा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मारेल. मारावं असं वाटत होतं.

"तू हाक मारलंस, तेव्हा ते वळले?"

"नाय गो."

"हात कसो केलो, दाखव."

मी दाखवला. ती म्हणाली परत दाखव. मी परत दाखवला. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी माझा दंड भरून आला, आणि तिनं माझा हात आपल्या हातांनी खाली केला.

त्या संध्याकाळी धनेशनं बाहुल्याची पाठ दिव्याखाली घेतली. मी निळ्या कापडाचा तुकडा घरून आणून दिला, रंग जुळवायला. चार वेळा त्यानं निळा मिसळला नि पुसला. ठिगळ झालं. कडेनं हिरवे टाके, बाराच्या बारा. मग त्यानं ब्रश पाण्यात ठेवला. मी म्हटलं, बाकीची पाठ? तो म्हणाला, "नको काकी. जेवढा कोणी बघलेला आसा, तेवढाच."

म्हणजे पाठ तशीच राहिली, वरून पांढरी, खाली काळी आणि एका बाजूला ठिगळ. सुगंधानं बाहुलं हातात घेतलं, फिरवून बघितलं. अट तिची होती. तीच म्हणाली, "पुरे झाले."

हात कानाशीच होता. त्या रात्री कुणी कढत पाणी केलं नाही.

७

दोन दिवसांनी अकराच्या पुढे पुरुष माणसं दर्भाचा माणूस घेऊन किनाऱ्यावर गेली. छातीत बाहुलं होतं. सुगंधानं सकाळी ते स्वतः ठेवलं.

आम्ही दोघी पडवीत बसलो. तिची पाठ पाणंदीकडे, माझं तोंड. बायका येतील म्हणून मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते आत उकळत होतं. सुरूच्या झाडांमागून धूर वर आला. प्लास्टिक जळल्याचा वास येईल असं मला वाटलं होतं. आला नाही. ओल्या जाळ्याचा आला.

मग आतल्या खोलीत स्टूल सरकलं.

घरात कुणी नव्हतं. मांजर असेल, मी म्हटलं. मग ओल्या चपलांचा आवाज, एक पाय जरा ओढणारा, भाई चालायचे तसा, खोलीतून माजघरात. सुगंधाची मान ताठ झाली. आवाज आमच्या मधून गेला. मी खाली बघत होते, शेणानं सारवलेल्या जमिनीकडे, आणि माझ्या पायाच्या बोटांना गार वाटलं. पायरीवर एक, दोन, तीन. मग वाळू.

सुगंधा वळली नाही. मी बघितलं. मला न बघता येत नाही.

पाणंदीत माणूस उतरत होता. पुऱ्या उंचीचा. डोकं आणि खांदे खडूसारखे पांढरे, कंबरेला करडे, पाय काळे. कुठेही रंग नव्हता. ऊन डोक्यावर होतं आणि अंगाला लागत नव्हतं. उजव्या खांद्याच्या मागे तेवढा तळहाताएवढा निळा तुकडा, तो मात्र खरा कापडाचा, वाऱ्यानं एक कड उचललेली. माझे टाके तिथे सैल पडले होते.

वळणाशी तो थांबला. मला पाठमोरा उभा राहिला. हात खाली होते. तो कशाची तरी वाट बघत होता, आणि कशाची ते मला कळत होतं. हाक माझ्या गळ्याशी आली होती. मारली असती तर तो परत आला असता, घटकाभर बसला असता. सुगंधाच्या समोर. पुढून कसा दिसत असेल? पुढची बाजू तर पुरती रंगवलेली होती. डोळे सगळ्यात आधी.

सुगंधानं न बघता माझं मनगट धरलं. एवढ्या सुकलेल्या हातात एवढा जोर कुठला.

"हाक मारू नको गो," ती म्हणाली. "तेंका जावंदे."

मी दात दाबून बसले. आत आधण उतू जाऊन चुलीवर सांडल्याचा आवाज झाला. कुणी उठलं नाही.

"गेले?" तिनं विचारलं.

"गेले."

मग ती रडली, पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आता ती जेवते. एकटीचं ताट वाढून घेते. धनेशनं परत कुरिअरचे डबे घ्यायला सुरुवात केली आहे, फक्त डोळे आता तो शेवटी करतो. परवा गिरणीत काशीबाईनं पट्टा चालू असताना माझ्या कानाशी तोंड आणलं आणि विचारलं, भाई दिसायचो, सुगंधाक न्हेवक इलो होतो, ह्या खरा काय? मी म्हटलं, सुगंधा खंय गेली? ही काय आसा. दिसायचो की नाही ते मी सांगितलं नाही.

तिच्या घराची माझ्या बाजूची खिडकी मात्र सुगंधानं त्या दिवसापासून लावून घेतली आहे. पलीकडे तिच्या भांड्यांचा आवाज येतो. मी मशीनवर बसते, पाय चालवते. हाक मारत नाही.